ऑर्कला ताकद, एल्फला बुद्धी आणि ‘बॅलन्स’ नावाची जुनी थाप

“प्रत्येकाला काही ना काही दिलेलंच आहे, मग अन्याय कुठे झाला?” हा प्रश्न मला आजवर दोन प्रकारच्या माणसांनी विचारला आहे. पहिले वर्णव्यवस्थेचे उघड समर्थक. त्यांच्याशी वाद घालायची आपल्याला सवय आहे. दुसरे माझे विद्यापीठातले मित्र. वर्णव्यवस्था हा शब्द ऐकला तरी त्यांच्या अंगावर पाल पडते, चौदा एप्रिलला ते न चुकता निळा डीपी लावतात. पण रविवारी रात्री होस्टेलच्या कॉमन रूममध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव मांडला आणि कुणी नवीन ‘रेस’ बनवून आणली, की हाच प्रश्न हेच लोक अगदी निरागसपणे विचारतात. हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी १९७४ साली तो छापला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण डंजन मास्टर होऊन जग आणि गोष्ट उभी करतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. त्यावर सहा गुण आकड्यांत लिहिलेले असतात: शक्ती, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि आकर्षण. काही अवघड करायचं असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात गुणाचा आकडा मिळवायचा. पात्राला एक ‘क्लास’ असतो, म्हणजे पेशा: योद्धा, जादूगार, पुरोहित, चोर. आणि २०२४ पर्यंत एक ‘रेस’ असायची, म्हणजे जन्म: मानव, एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग, ऑर्क. क्लास निवडायचा, रेस घेऊन जन्माला यायचं. (समाजशास्त्रात या दोन शब्दांवर ग्रंथालयं भरली आहेत, इथे ते दोन चौकोन भरून मोकळे होतात.) मी चार वर्षं हा खेळ खेळते आहे, त्यातली दोन डंजन मास्टर म्हणून. मला तो मनापासून आवडतो, म्हणूनच हे लिहायची गरज वाटली.

पुस्तकातल्या वंशांवर समाधान नसेल तर आपण स्वतः नवा वंश बनवू शकतो. याला होमब्रू म्हणतात, घरी गाळलेली दारू तसं. २०१४ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये तो कसा बनवावा याचं टिपणच आहे, आणि नमुना म्हणून आसिमार नावाचा दैवी अंश असलेला वंश बनवून दाखवला आहे. होमब्रू करणाऱ्यांना छळणारी चिंता एकच: बॅलन्स. एका गुणात दोनची वाढ, दुसऱ्यात एकची, हा ठरलेला साचा. अंधारात दिसणं स्वस्त. विषाचा किंवा आगीचा त्रास निम्मा होणं मधल्या किमतीचं. उडता येणं सगळ्यात महाग. आराकोक्रा नावाचा पक्षीवंश पहिल्याच लेव्हलला उडतो, म्हणून कितीतरी डंजन मास्टर त्याला टेबलावर येऊच देत नाहीत. मग आपला वंश पुस्तकातल्या ड्वार्फच्या, एल्फच्या शेजारी ठेवायचा आणि तराजू कुठे झुकतो ते बघायचं. जास्त झालं तर काहीतरी काढा, किंवा एखादी उणीव जोडा.

या हिशोबाला माझा विरोध नाही. पाच जण एकत्र खेळताना एकाचंच पात्र सगळं करत असेल तर बाकीचे चार मोबाइल काढून बसतात. खेळाडू-खेळाडूंमधला समतोल हवाच. माझी हरकत वेगळी आहे. हा समतोल साधण्यासाठी जी वस्तू तराजूत टाकली जाते ती बघा. फुफ्फुसं, पंख, खवले यांच्या जोडीला बुद्धी टाकली जाते, आकर्षण टाकलं जातं, शहाणपण टाकलं जातं. ऑर्कच्या पारड्यात शक्ती घातली, आता भरपाई म्हणून त्याची बुद्धी दोननं कमी करा. २०१६ च्या ‘व्होलोज गाइड’मध्ये ऑर्क अगदी असाच छापला होता: शक्ती अधिक दोन, काटकपणा अधिक एक, बुद्धी उणे दोन. दोन्ही बाजू जुळल्या की वंश ‘बॅलन्स्ड’ झाला. बुद्धी ही मुळात जन्माच्या खात्यात मांडायची रक्कम आहे का, हा प्रश्न या हिशोबात कुठेच येत नाही.

यातलं गणित किरकोळ आहे, त्यामुळे ते निरुपद्रवी वाटतं. २०१४ च्या नियमांत सगळ्यांना वाटून घ्यायला सारखेच २७ पॉइंट मिळतात, एखाद्या गुणात जास्तीत जास्त पंधरा घेता येतात. जादूगाराला बुद्धी लागते. नोम वंशाला बुद्धीत जन्मतः दोन, म्हणजे सतरा, म्हणजे फाशावर अधिक तीन. हाफ-ऑर्कला पंधराच, म्हणजे अधिक दोन. फरक एकाचा, वीस बाजूंच्या फाशावर पाच टक्के. ‘व्होलो’मधला ऑर्क तेराला अडकतो, त्याला अधिक एक, म्हणजे नोमपासून दहा टक्के मागे. ऑर्कनं जादूगार होऊ नये असं कुठेही लिहिलेलं नाही. पण टेबलावर बसा आणि बघा. ज्याला जादूगार व्हायचं आहे तो नोम किंवा हाय एल्फ घेतो, ज्याला कुऱ्हाड चालवायची आहे तो हाफ-ऑर्क घेतो. ऑर्क जादूगार घेणाऱ्याला बाकीचे प्रेमानं सांगतात, “घे ना, पण ऑप्टिमल नाही बरं.” मनाई नसतानाही पाच टक्क्यांनी पेशे जन्माप्रमाणे लागतात. आमच्या विषयात याला सॉर्टिंग म्हणतात. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदानं अस्पृश्यता रद्द झाली तरी सफाईच्या कामावर आज कोण आहे हे ज्यांना दिसतं, त्यांना मनाईशिवायची छाटणी समजावून सांगावी लागत नाही.

आणि आधी तर मनाईच होती. १९७४ च्या पहिल्या पुस्तिकांत ड्वार्फ फक्त योद्धा होऊ शकतो, तोही सहाव्या लेव्हलपर्यंत. हाफलिंग चौथीपर्यंत. एल्फला जादूत आठवी आणि लढाईत चौथी. मानवाला मर्यादा नाही. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये हाफ-ऑर्क पुरोहित झाला तर चौथ्या लेव्हलला थांबतो, मारेकरी झाला तर त्याला कसलीच अडकाठी नाही. देवळाच्या पायरीवर थांबवायचं आणि गुन्ह्यासाठी रस्ता मोकळा ठेवायचा, हे आपल्याकडच्या पारधी समाजानं ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून भोगलेलं आहे. १९८१ च्या ‘बेसिक’ संचानं तर रेस आणि क्लास यांतला भेदच काढून टाकला. तिथे एल्फ हा वंश आणि एल्फ हाच पेशा, ड्वार्फ हा वंश आणि ड्वार्फ हाच पेशा. निवडीचा अधिकार फक्त मानवाला. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीनं मर्यादा उठवल्या, पण हाफ-ऑर्कला शक्ती अधिक दोन देऊन बुद्धी उणे दोन आणि आकर्षण उणे दोन केलं. या सगळ्या आवृत्त्यांचे चाहते आजही एकच कारण देतात: त्यांना सुरुवातीला जास्तीचं मिळतं ना, मग वर छत नको का? म्हणजे छतालाही नाव बॅलन्सच.

आता गांधींकडे येऊ, कारण हा युक्तिवाद त्यांच्याइतक्या सभ्य भाषेत दुसऱ्या कुणी मांडलेला नाही. १९३६ साली बाबासाहेबांचं ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ छापून आलं आणि गांधींनी ‘हरिजन’मधून त्याला उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं असं की जात वेगळी आणि वर्ण वेगळा; वर्ण म्हणजे वाडवडिलांच्या धंद्यावर पोट भरणं; आणि सगळे धंदे सारख्याच प्रतिष्ठेचे, ब्राह्मणाचा आणि भंग्याचा दर्जा एकच. नीट बघा, इथे उतरंड नाकारलेली आहे. कुणी वर नाही, कुणी खाली नाही. शिल्लक राहिलं ते इतकंच की तुमचं काम तुमच्या जन्मानं ठरेल. होमब्रूच्या भाषेत सांगायचं तर गांधींनी चार वंश उत्तम बॅलन्स करून दाखवले. बाबासाहेबांनी पुढच्या आवृत्तीत या उत्तराचाही समाचार घेतला. त्यात त्यांनी विचारलं की बनिया कुळात जन्मलेल्या गांधींनी स्वतः तरी कुठे वडिलोपार्जित तराजू हातात धरला. (टेबलाच्या भाषेत याला मल्टिक्लास म्हणतात. स्वतः करायचं, दुसऱ्याला नियम सांगायचा.) त्यांच्या टीकेचं टोक दर्जा सारखा की कमीजास्त एवढ्यापुरतं नव्हतं. जात कामं वाटत नाही, काम करणाऱ्या माणसांनाच कप्प्यांत घालते, आणि त्यात माणसाचा कल, त्याची तयारी, त्याची इच्छा यांना जागाच उरत नाही, हे त्यांचं म्हणणं होतं. कप्प्यांचे भाव सारखे केले म्हणून कप्पे मोडत नाहीत.

मिश्र वंशांचं काय करायचं, हा होमब्रू करणाऱ्यांचा आणखी एक लाडका प्रश्न. एल्फ आई आणि ऑर्क बाप असेल तर गुण कुणाचे घ्यायचे? यावर इंटरनेटवर कोष्टकं सापडतात. मनुस्मृतीचा दहावा अध्याय वाचताना मला तीच कोष्टकं आठवली. अमुक वर्णाचा बाप, तमुक वर्णाची आई, त्यांच्या संततीचं नाव हे आणि पेशा हा. सूताला घोडे आणि रथ, अंबष्ठाला वैद्यकी, निषादाला मासेमारी. शूद्र बाप आणि ब्राह्मण आई असेल तर चांडाळ, त्याला गावाबाहेर. मी विनोद करत नाही. तो मजकूर नियमपुस्तकासारखा वाचा, तो तसाच लिहिलेला आहे. फरक इतकाच की तिथलं पात्र मेल्यावर नवीन कागद मिळत नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, कंपनीनं हे सगळं सुधारलं की. सुधारलं, अर्धवट. २०२० मध्ये ‘ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ आलं आणि गुणवाढ कुठेही लावायची मुभा मिळाली. ऑर्कची ती उणे दोन बुद्धीही त्याच वर्षी काढली गेली. २०२२ मध्ये हाडोझी नावाच्या माकडसदृश वंशाची गुलामगिरीची कहाणी छापून कंपनीला माफी मागावी लागली. त्या वर्षाअखेरीस ‘रेस’ शब्द सोडायचं जाहीर झालं आणि २०२४ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये ‘स्पीशीज’ आला. गुणवाढ जन्मातून काढून ‘बॅकग्राउंड’मध्ये, म्हणजे पूर्वायुष्यात टाकली. ऐकायला छान. मग ती यादी उघडा. शेतकरी पार्श्वभूमीला तीन गुणांतून निवड: शक्ती, काटकपणा, शहाणपण. उमरावाला शक्ती, बुद्धी, आकर्षण. विद्वानाला काटकपणा, बुद्धी, शहाणपण. म्हणजे शेतात वाढलेल्याची बुद्धी वाढत नाही, वाड्यात वाढलेल्याची वाढते. कारागिराला बुद्धी दिली आहे, तेवढं त्यांचं श्रेय. डंजन मास्टरच्या परवानगीनं वेगळी पार्श्वभूमी बनवता येते, हेही खरं. पण माझे वडील कापूस पिकवतात. बियाण्याचा दर, पावसाचा अंदाज, व्याजाचा चक्रवाढ हिशोब आणि व्यापाऱ्याची चलाखी एकाच वेळी डोक्यात ठेवणाऱ्या माणसाला ‘बुद्धी’ या रकान्यातून वगळून ‘शहाणपण’ देणाऱ्यांना मी ओळखते. ते फक्त अमेरिकेत राहत नाहीत.

शब्दांचीही गंमत आहे. ‘रेस’ गेला, ‘स्पीशीज’ आला, इंग्रजीत प्रश्न मिटला. आमच्या टेबलावर अर्धे खेळाडू मराठी, बाकीचे तेलुगू आणि हिंदी बोलणारे. बोलता बोलता भाषांतर होतं. एकदा एक नवा मुलगा पात्र बनवत होता, त्याला दुसऱ्यानं सहज विचारलं, “तुझी जात कोणती?” मुलगा गप्प झाला. विचारणाऱ्याला एल्फ की ड्वार्फ एवढंच हवं होतं. आपण आंब्याची जात म्हणतो, बैलाची जात म्हणतो, ज्वारीची जात म्हणतो, आणि माणसाचीही. प्रजाती आणि जात यांच्यात मराठी मध्ये भिंत घालत नाही, कारण आपल्या समाजानं माणसांना बेण्यासारखंच जपलं आणि वेगळं ठेवलं. तेव्हा ‘स्पीशीज म्हणा, म्हणजे शुद्ध झालं’ हे आम्हाला पटत नाही. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख रिस्ले नाकांची मापं घेऊन जातींची उतरंड शास्त्रीय करायला निघाला होता. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये तसल्याच मोजमापांचा आधार घेऊन दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. जातीला शरीर नाही, हे त्यांनी आकड्यांनी सिद्ध केलं. आणि आपण फावल्या वेळात तिला आकड्यांनी शरीर देत बसतो.

माझा सगळ्यात जास्त राग मात्र आहे तो पुरोगामी होमब्रूवर. एका सवर्ण मित्रानं मोठ्या प्रेमानं एक ‘शोषित वंश’ बनवून आणला. गावाबाहेर राहणारे, घाण उपसणारे, काळे. काटकपणा अधिक दोन, कारण त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलं. शहाणपण अधिक एक, कारण दुःखातून शहाणपण येतं. आकर्षण उणे दोन, कारण लोक त्यांना टाळतात. बॅलन्स चोख होता, त्यानं मला बेरीज करून दाखवली. यात सोसणं हा त्या माणसांचा स्वभाव झाला, रक्तातला गुण झाला. त्यांना कुणी सोसायला लावलं तो हात कागदावर कुठेच नाही. ऑर्क म्हणजे दलित अशी रूपकं करणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे: आम्हाला राक्षसाच्या रांगेत बसवून मग आमची कणव करू नका. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त राक्षस या शब्दातून रक्षक बाहेर काढला होता, बळीच्या राज्याचे रक्षक. दिडशे वर्षांनी तुम्ही आम्हाला पुन्हा ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये पाठवता आहात, तेही सहानुभूतीनं.

मग काय, वंश बनवूच नयेत? बनवावेत. मी बनवते. माझ्या सध्याच्या डावातले लोक ‘घळवासी’ आहेत, खोल दऱ्यांच्या तळाशी, निम्मं वर्ष पाण्यात बुडणाऱ्या घरांत राहणारे. प्रत्येक वैशिष्ट्य लिहिण्याआधी मी एकच गोष्ट विचारते: हे मांसात आहे, शिकवणीत आहे, की दुसऱ्याच्या नजरेत? मांसातलं तेवढंच वंशाच्या कागदावर जातं. घळवासी तासभर श्वास रोखू शकतात आणि दगडाला तळवा लावून तीस फुटांपर्यंतची हालचाल ओळखतात, दिवसातून मोजक्या वेळा. २०२४ च्या ड्वार्फला दगडातून साठ फूट जाणवतं, म्हणून मी तीस ठेवलं आणि श्वास वर दिला. बॅलन्सचा प्रश्न एवढ्यात संपतो. शिकवणीतलं, म्हणजे होड्या बांधणं, दोराच्या गाठी, पुराची भाषा, हे घळवाशांच्या मालकीचं नाही. त्यांच्यात वाढलेला, त्यांच्याकडे उमेदवारी केलेला कुठलाही एल्फ किंवा ऑर्क ते घेऊ शकतो. आणि घळवासी पोरगी होड्यांना हात न लावता ग्रह मोजायला गेली तर तिचं एकही अंक कमी होत नाही. सहा गुण सगळ्यांचे सारखे, २७ पॉइंट, जिथे लावायचे तिथे लावा.

तिसरा रकाना माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा. पठारावरचे लोक घळवाशांना विहिरीवर येऊ देत नाहीत. नेहमीच्या होमब्रूत हे घळवाशांच्या कागदावर ‘आकर्षण उणे दोन’ म्हणून लिहिलं जातं. १९७८ च्या हाफ-ऑर्कचं आकर्षण असंच उणे दोन होतं. दुसऱ्याचा तिरस्कार याच्या चेहऱ्यावर कोरायचा आणि त्याला वंशगुण म्हणायचं. मी तो पठारवाल्यांच्या कागदावर लिहिला. घळवाशाला हाकललं की त्या गावाच्या प्रत्येक पात्राला पुढच्या पुरात, वाट शोधताना, पाण्याबद्दल काही विचारताना फासा दोनदा टाकून कमी आकडा घ्यावा लागतो, कारण पाणी ज्यांना कळतं त्यांच्याशी त्यांनी बोलणं तोडलं आहे. महाडचं चवदार तळं १९२७ मध्ये शेणामुताचे घडे ओतून ज्यांनी ‘शुद्ध’ केलं, विकृती त्यांची होती. तळ्याचं पाणी पिणाऱ्यांच्या शरीरात कसलीही उणीव नव्हती.

यावर टेबलावर भांडण झालं. “हे अनबॅलन्स्ड आहे, माझ्या पात्रानं काय केलं? मी फक्त पठारावर जन्मलो,” असं एक जण म्हणाला. हाच मित्र आराकोक्राला बंदी घाला म्हणून तासभर वाद घालतो, कारण पहिल्या लेव्हलला उडणं म्हणजे खड्डे, भिंती, सापळे सगळं बाद. मी त्याला त्याच्या पंखांबद्दल विचारलं: इंग्रजी शाळा, शहरात आजोबांचं घर, अर्ज कसा भरायचा हे सांगणारी प्राध्यापक मावशी. आरक्षणाला तो बिनदिक्कत ‘बफ’ म्हणतो, म्हणजे फुकटची वाढ. प्लस वन कुणाला का मिळाला याची त्याच्याइतकी बारीक नोंद ठेवणारा माणूस मी पाहिलेला नाही, फक्त ती नोंद स्वतःच्या कागदापाशी येऊन थांबते.

त्याला मी नियमातच एक वाट ठेवली आहे. पठारावरच्या पात्रानं सगळ्यांसमोर विहिरीचं कुंपण काढलं की त्याच्यावरची ती अडचण त्याच क्षणी जाते. फासा टाकावा लागत नाही, पॉइंट लागत नाहीत. सहा डाव झाले. त्याचं पात्र पूर येण्याच्या दिशेनं चाललं आहे, कुंपण अजून तिथेच आहे, आणि तो दर रविवारी मला नियम बदलायला सांगतो.